नोकरीचे कपडे जमवताना : पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा

पहिल्या नोकरीवर रुजू होण्याच्या आठवडाभर आधी मी एकाच दुपारी पाच जोड कपडे विकत घेतले होते. त्यांतले दोनच पुढे वर्षभर वापरात राहिले. एका शर्टाची छातीवरची बटणे ताणली जात, एक पँट उभे असताना छान बसे पण खुर्चीत टेकले की पोटाला काचे, आणि एका फिकट पँटीचे कापड इतके विरळ होते की ती घालून खिडकीच्या उजेडात उभे राहण्याची सोय नव्हती. कपड्यांत खोट होतीच, पण त्याहून मोठी खोट खरेदीच्या क्रमात होती. कोणत्या जागी, कोणत्या हालचालींसाठी आणि किती धुण्यांच्या हिशेबाने कपडे लागणार आहेत, हे कळण्यापूर्वीच ते घेऊन झाले होते. पहिल्यांदा नोकरीसाठी कपडे जमवणाऱ्या, किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा कामावर येणाऱ्या स्त्रियांसाठी तो क्रम येथे टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

उदाहरणे मुख्यतः शर्ट, पँट आणि ब्लेझरची घेतली आहेत. कुर्ता घालणाऱ्यांना ती जवळजवळ तशीच लागू पडतात, आणि साडी नेसणाऱ्यांनी मापाचा सगळा भाग ब्लाउजविषयी आहे असे समजून वाचावा.

पहिला टप्पा : रुजू होताना अगदी थोडे

सुरुवातीच्या दोन आठवड्यांसाठी दोन गडद पँटी, तीन साधे एकरंगी वरचे कपडे आणि पुढून बंद असलेल्या पादत्राणांची एक जोडी एवढे पुरते. मुलाखतीला घातलेला जोड यात धरावा, कारण तो तुम्ही आधीच पारखलेला असतो. नव्या माणसाने सोमवारी घातलेली पँट गुरुवारी पुन्हा घातली, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. या काळात खरेदी थांबवून निरीक्षण करावे, आणि ते लिहून ठेवावे, कारण दुकानात उभे राहिल्यावर आठवणीपेक्षा समोरचा रंगच जोर करतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या बरोबरीच्या आणि आपल्याहून एक पायरी वरच्या स्त्रिया साध्या दिवशी काय घालतात आणि बैठकीच्या दिवशी काय घालतात, हे पाहावे. या दोन दिवसांतला फरक हाच त्या कार्यालयाचा खरा नियम असतो, मग नियमपुस्तिकेत काहीही छापलेले असो. लेखी नियम असतील तर ते मनुष्यबळ विभागाकडून मागून घ्यावेत. त्यांत ‘बिझनेस कॅज्युअल’ असे लिहिलेले असेल, तर तो शब्द जपून वाचावा, कारण त्याची हद्द प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ढोबळ अर्थ असा की ब्लेझर सक्तीचा नाही, पण कपडा इस्त्रीचा आणि बांधेसूद हवा. जीन्स चालते की नाही, हे मात्र त्या त्या मजल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या शरीराला दिवसभर काय काय करावे लागते, याची नोंद. किती वेळ बसावे लागते, किती जिने चढावे लागतात, वरच्या फळीवरच्या फायली काढाव्या लागतात का, फळ्यावर लिहावे लागते का, जमिनीवर वाकून काही उचलावे लागते का, वातानुकूलित खोलीत थेट झोताखाली बसावे लागते का, येण्याजाण्यात किती पायपीट होते. कपड्याची निवड या यादीवरून होते. वरच्या फळीपर्यंत हात नेताना जो शर्ट कमरेतून बाहेर येतो, तो बसून काम करणारीला चालेल, पण ग्रंथपाल बाईंना चालणार नाही.

प्रयोगशाळा, कारखाना किंवा स्वयंपाकघर अशा ठिकाणी काम असेल, तर शोभेचा विचार मागे ठेवावा लागतो. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे धागे उष्णतेने वितळतात आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. सुती कापड पेट घेते, पण वितळत नाही. घोळदार बाह्या, लोंबणारी ओढणी आणि लांब साखळ्या फिरत्या यंत्राजवळ धोक्याच्या असतात. अशा जागी बंद पादत्राणे आणि मनगटाशी बसणारी बाही यांपासूनच सुरुवात करावी.

दुसरा टप्पा : घरचे कपाट

बाजारात जाण्यापूर्वी कपाटातले सगळे कपडे बाहेर काढावेत आणि त्यांचे तीन ढीग करावेत. आजच्या आज कामावर घालता येतील असे, किरकोळ दुरुस्तीने घालता येतील असे, आणि कामासाठी नाहीतच असे. मधला ढीग नीट पाहावा. तुटलेले बटण, उसवलेली शिवण, लांब झालेली बाही, ढिली कंबर अशा कारणांनी कितीतरी चांगले कपडे पडून असतात, आणि त्यांच्या दुरुस्तीला नव्या कपड्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे मात्र तिसऱ्या ढिगात टाकावेत. आजच्या अंगाला आज बसणारे कपडे लागतात.

तिसरा टप्पा : संख्या ठरवणे

किती कपडे हवेत याचे उत्तर फॅशनमध्ये नसून धुण्यात असते. आठवड्याला पाच दिवस काम आणि आठवड्यातून एकदा धुणे असेल, तर अंगाला चिकटून राहणारे वरचे कपडे पाच लागतात आणि पावसाने, डागाने किंवा इस्त्री राहून गेल्याने अडू नये म्हणून आणखी एक, असे सहा. पँट किंवा स्कर्ट एका धुण्यात दोनतीनदा घालता येतो, म्हणून ते तीन पुरतात. ब्लेझर किंवा कार्डिगन (पुढून उघडणारा विणलेला स्वेटर) एक, फार तर दोन. धुणे आठवड्यातून दोनदा होत असेल, तर वरचे कपडे चारच घेऊन भागते. फार घाम येणाऱ्यांनी किंवा रोज खडू, शाई, औषधे यांच्याशी संबंध येणाऱ्यांनी दोन वाढवावेत.

सहा वरचे आणि तीन खालचे कपडे यांच्या कागदावर 18 जोड्या होतात. एक ब्लेझर धरला, तर तो घालून आणि न घालता अशा 36. ही आकडेमोड ऐकायला गोड आहे, पण प्रत्यक्षात अठरांपैकी बारा जमल्या तरी पुष्कळ झाले, कारण एखादा शर्ट एखाद्या स्कर्टवर लांबीने शोभत नाही आणि दोन वेगवेगळे काळे रंग शेजारी आले की दोन्ही विटलेले दिसतात. थोडेच पण एकमेकांशी जुळणारे कपडे ठेवण्याच्या या पद्धतीला ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात. अमेरिकी वेशकार डॉना कॅरन यांनी 1985 साली स्वतःच्या नावाचा पहिला संग्रह आणला, तो ‘सात सोपे कपडे’ याच कल्पनेवर उभा होता, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी तो उचलून धरला. आकडा सात असो की दहा, मी एकच नियम पाळते. नवा वरचा कपडा घरातल्या किमान दोन खालच्या कपड्यांवर जात नसेल, तर तो घ्यायचा नाही, कारण तो एकटा येत नाही, आपल्याबरोबर आणखी एक खरेदी घेऊन येतो.

रंगांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. खालचे कपडे आणि ब्लेझर यांच्यासाठी गडद निळा, काळा, राखाडी, तपकिरी किंवा खाकी यांपैकी दोन रंग ठरवून घ्यावेत आणि वर्षभर त्यांच्यातच राहावे. वरच्या कपड्यांत आपल्या आवडीला हवा तेवढा वाव असतो. काळ्यावर धूळ आणि केस फार दिसतात आणि धुण्यागणिक तो उतरत जातो, म्हणून एकच गडद रंग घ्यायचा झाल्यास मी निळा सुचवीन. दूरदृश्य बैठका वरचेवर होत असतील, तर अगदी बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट टाळावा, कारण कॅमेऱ्यात त्या रेघा लहरीसारख्या हलताना दिसतात.

चौथा टप्पा : कापड ओळखणे

कपड्याच्या आतल्या शिवणीवर शिवलेली पट्टी ही दुकानातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे, आणि बहुतेक जणी ती घरी येऊन कापून टाकतात. तिच्यावर धाग्यांचे प्रमाण दिलेले असते. सामान्य हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 7 ते 8 टक्के ओलावा धरतो, व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, 11 ते 13 टक्के, लोकर 14 ते 16 टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. दमट हवेत पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो याचे कारण हेच, आणि तो धुतल्यावर चटकन वाळतो याचेही कारण हेच. म्हणून अंगाला लागून असणाऱ्या शर्टात सूत किंवा व्हिस्कोसचा वाटा मोठा असावा, तर पँट आणि ब्लेझर यांत पॉलिएस्टरचे मिश्रण असले तर ते उलट सोयीचे पडते, कारण त्यांची घडी टिकते. शुद्ध लिनन थंड असते, पण पहिल्या तासातच चुरगळते. ज्यांच्या कार्यालयात चुरगळलेले कापड खपवून घेतात, त्यांनीच ते घ्यावे. व्हिस्कोसचा धागा ओला असताना दुबळा होतो, त्यामुळे ते पिळायचे नसते, आणि हे ज्यांना जमणार नाही त्यांनी त्याच्या मोहात पडू नये.

पँटीच्या सुती कापडात इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, 2 ते 5 टक्के असेल, तर बसता-उठताना कापड शरीराबरोबर थोडे देते आणि पुन्हा जागेवर येते. प्रमाण याहून फार वाढले की पँट लेगिंगसारखी दिसू लागते. कापडाच्या वजनावरही लक्ष ठेवावे. दर चौरस मीटरला साधारण 100 ते 150 ग्रॅम हे शर्टाचे कापड, आणि 200 ते 300 ग्रॅम हे पँटीचे. लेबलावर हा आकडा बहुधा नसतो, पण हाताला तो फरक लगेच कळतो.

दुकानात दोन चाचण्या कराव्यात. कपड्याचा कोपरा मुठीत घट्ट धरून मनात दहा मोजावेत आणि सोडावा. पडलेल्या सुरकुत्या तशाच राहिल्या, तर दुपारपर्यंत मांडीवर आणि पोटावर तशाच सुरकुत्या असतील. मग एक हात कपड्याच्या आत घालून तो उजेडाकडे धरावा. बोटे स्पष्ट मोजता आली, तर अस्तराशिवाय तो कपडा घालता येणार नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी अंतर्वस्त्रे लपतात हा समज चुकीचा आहे. त्याखाली आपल्या कातडीच्या रंगाशी जुळणारी अंतर्वस्त्रे घातली तरच ती दिसत नाहीत.

पाचवा टप्पा : घालून पाहणे

ट्रायल रूममधल्या आरशासमोर आपण पोट आत घेऊन, सरळ उभे राहतो. कामावर असे कोणीच उभे राहत नाही. म्हणून मापाची परीक्षा तिथे हालचालींनी करावी, आणि खरेदीला जाताना कामावर घालायची अंतर्वस्त्रे आणि पादत्राणे घालूनच जावे, कारण दोन सेंटिमीटर टाचेनेही पँटीची लांबी बदलते.

आधी खांदे पाहावेत. शर्टाची किंवा ब्लेझरची खांद्यावरची शिवण खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच संपली पाहिजे. ती दंडावर ओघळत असेल, तर कपडा मोठा आहे, आणि मानेकडे सरकत असेल, तर लहान. मग छातीकडे यावे. बटणे लावून दोन्ही खांदे मागे खेचावेत आणि बाजूने आरशात पाहावे. दोन बटणांच्या मध्ये कापड ओठांसारखे उघडत असेल, तर एक माप मोठे घेऊन कमरेत आवळून घेणे हा एक मार्ग, आणि छातीच्या सर्वांत पुढे येणाऱ्या रेषेवर आतून एक टिचबटण शिवून घेणे हा दुसरा. बऱ्याच शर्टांना त्या रेषेवर बटणच नसते, एक वर असते आणि एक खाली, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

यानंतर दोन्ही हात सरळ वर करावेत, मग पुढे ताणून टंकलेखनाच्या अवस्थेत आणावेत. ब्लेझर पाठीवर इतका ताणला जाता कामा नये की खांदे मागे ओढले जातील. मग वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखे करावे आणि गळा किती खाली सुटतो ते पाहावे. जिना चढल्यासारखा गुडघा उचलावा. शेवटी बसावे, आणि क्षणभर नव्हे, तर दोन मिनिटे बसावे. स्टूल नसेल तर मागून घ्यावे. मला दुकानातल्या मुलीने एकदा विचारले होते की बरे वाटत नाही का, पाणी आणू का. त्या दोन मिनिटांत ती पँट जांघेत इतकी आवळली की मी ती तिथेच ठेवून आले. बसल्यावर कमरेत दोन बोटे सहज जायला हवीत, पँटीचा मागचा भाग खाली सरकून पाठ उघडी पडायला नको, आणि स्कर्ट वर चढून गुडघ्याच्या किती वर थांबतो ते ठाऊक असायला हवे.

मापाच्या आकड्याला महत्त्व देऊ नये. एकाच अंगाला तीन कंपन्यांची तीन मापे लागतात, कारण हे आकडे प्रत्येक उत्पादक आपापल्या तक्त्याने ठरवतो. घरी फितीने घेतलेली छाती, कंबर, नितंब, खांदा आणि पँटीच्या आतल्या शिवणीची लांबी ही पाच मापे फोनमध्ये लिहून ठेवली, तर ऑनलाइन खरेदीतही ती उपयोगी पडतात. शरीराच्या ज्या भागाला सर्वांत जास्त जागा लागते त्या भागाचे माप घ्यावे आणि उरलेला भाग शिंप्याकडून आवळून घ्यावा. ओढूनताणून बसवलेला कपडा शिंप्याला मोठा करता येईलच असे नाही.

खिसे तपासावेत. स्त्रियांच्या पँटींना खोटे खिसे शिवण्याची खोड अजून गेलेली नाही, आणि ओळखपत्र, किल्ली, फोन यांपैकी काही ना काही हातात धरून फिरण्याचा कंटाळा दुसऱ्या आठवड्यात येतो. पण ब्लेझरचा खिसा उघडत नसेल, तर लगेच निराश होऊ नये. पुष्कळदा तो आकार बिघडू नये म्हणून कच्च्या टाक्याने बंद केलेला असतो आणि ते टाके बारीक कात्रीने काढायचे असतात. ब्लेझरच्या मागच्या चिरेवर फुलीच्या आकाराचा एक टाका आणि कधीकधी बाहीवर कंपनीची पट्टी असते. तीही पहिल्यांदा घालण्यापूर्वी काढायची असते. पुष्कळ जणी ती तशीच ठेवून महिनोन्‌महिने फिरतात आणि कोणी सांगत नाही.

सहावा टप्पा : शिंप्याकडे

मी ज्यांच्याकडे दुरुस्तीला कपडे देते ते शिंपीकाका पँट हातात घेतली की आधी ती उलटी करतात आणि मागच्या मधल्या शिवणीवर अंगठा फिरवतात. तिथे दोन्ही बाजूंना मिळून इंचभर माया सापडली की मान डोलावतात. नाही सापडली, तर ‘ही आहे तशीच घालायची’ एवढे बोलून परत देतात. हा अंगठा आपणही दुकानात फिरवावा. शिवणीच्या आत जादा ठेवलेले हे कापड, म्हणजे माया, असेल तरच पुढे वजन वाढल्यावर पँट सैल करून घेता येते. तयार कपड्यांत पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री मायेलाच लागते.

काय बदलता येते आणि काय नाही, हे खरेदीपूर्वीच ठाऊक असावे. पँटीची आणि स्कर्टाची लांबी, कंबर आवळणे, अस्तर नसलेल्या शर्टाच्या बाजू आत घेणे, मनगटाशी साधी असलेली बाही आखूड करणे, बटण सरकवणे ही नेहमीची कामे आहेत. ब्लेझरचा खांदा बदलणे म्हणजे बाही उसवून अर्धा ब्लेझर पुन्हा शिवणे, म्हणून खांद्यात न बसणारा ब्लेझर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. बाहीच्या टोकाला खरी काजे असतील, तर ती बाही खालून आखूड करणेही अवघड जाते.

सुती पँट कापायला देण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावी. नवे सुती कापड पहिल्या धुण्यांत 3 टक्के आटले, तर 30 इंचांच्या आतल्या शिवणीत जवळजवळ एक इंच जातो, आणि कालपर्यंत टाचेवर टेकणारी पँट घोट्याच्या वर येते. पँटीची लांबी ठरवताना जी पादत्राणे रोज घालणार तीच पायात असावीत. सपाट बूट आणि उंच टाच या दोहोंसाठी एकच पँट चालवण्याचा प्रयत्न करू नये.

सातवा टप्पा : पादत्राणे आणि उरलेल्या वस्तू

पायांसाठी दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. चामड्याच्या बुटात दिवसभराचा घाम मुरतो आणि तो सुकायला एक दिवस तरी लागतो. रोज तोच जोड घातला की तो लवकर ढिला पडतो आणि वासही मारतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरावी. ‘घालून घालून सैल होतील’ या दुकानदाराच्या आश्वासनावर रुंदीच्या बाबतीत थोडा विश्वास ठेवता येतो, लांबीच्या बाबतीत मुळीच नाही.

पिशवी अशी असावी की संगणक, डबा आणि पाण्याची बाटली घालूनही तिचा पट्टा खांद्यावरून घसरणार नाही. पट्टा रोज एकाच जागी घासत असेल, तर त्याखालच्या लोकरी किंवा मिश्र धाग्याच्या कापडावर बारीक गोळे येतात, म्हणून खांदे बदलत राहावे. दागिने आणि घड्याळ यांविषयी इतकेच की टंकताना वाजत असतील, तर शेजारच्या टेबलाची दया करावी.

आठवा टप्पा : पैसे कुठे घालावेत

कपड्याची किंमत भागिले तो जितक्या वेळा घातला जाईल ती संख्या, हा हिशेब प्रत्येक मोठ्या खरेदीपूर्वी करावा. एखादी पँट आठवड्यातून दोनदा, वर्षाचे 50 आठवडे, दोन वर्षे वापरली, तर ती 200 वेळा अंगावर चढते. एखाद्या समारंभी जोडाला वर्षातून तीनदा संधी मिळाली, तर तेवढ्याच काळात तो सहा वेळा चढतो. पँटीची किंमत त्या जोडाच्या दुप्पट असली, तरी दर वेळेचा खर्च तिचाच कितीतरी कमी पडतो. या हिशेबाने चांगला पैसा आधी बुटांत, मग पँटींत आणि मग ब्लेझरमध्ये घालावा. शर्ट आणि टॉप यांना घाम, डाग आणि धुणे यांचा मार सर्वांत जास्त बसतो आणि ते तसेही लवकर बदलावे लागतात, म्हणून त्यांत मध्यम प्रतीवर समाधान मानावे.

क्रम असा ठेवावा. पहिल्या पगारानंतर एक उत्तम पँट आणि एक जोडी बूट, दुसऱ्या महिन्यात दोन शर्ट, तिसऱ्या महिन्यात ब्लेझर किंवा कार्डिगन, आणि त्यानंतर जे कमी पडते आहे असे नोंदीवरून दिसेल तेवढेच. जुळणारा पूर्ण सूट घेतला असेल, तर त्याचा कोट आणि पँट नेहमी एकत्रच धुवायला द्यावेत, नाहीतर जास्त वेळा धुतला जाणारा कपडा फिकट होतो आणि काही महिन्यांत ते एकमेकांचे सख्खे न राहता सावत्र दिसू लागतात.

नववा टप्पा : राखणे

लेबलावरच्या खुणा एकदा शिकून घेतल्या की जन्मभर पुरतात. पाण्याच्या टबातला आकडा म्हणजे धुण्याच्या पाण्याचे कमाल तापमान, त्रिकोण ब्लीचसाठी, चौकोन वाळवण्यासाठी, वर्तुळ ड्राय क्लीनिंगसाठी, आणि कोणत्याही खुणेवर फुली असली की ते करू नये. इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश सेल्सियस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. इलास्टेन असलेली पँट तीन ठिपक्यांच्या इस्त्रीखाली घातली, तर तिचा ताण हळूहळू मरतो आणि गुडघ्यांवर फुगे राहतात. गडद कपडे उलटे करून धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. विणलेले कार्डिगन टांगू नये, घडी घालून ठेवावे, आणि ब्लेझर मात्र रुंद खांद्याच्या हँगरवर असावा. ब्लेझर दर वेळी धुवायचा नसतो; घरी आल्यावर तो हवेशीर जागी तासभर टांगून ब्रश फिरवला तरी पुरते.

काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या फवाऱ्यांत आणि कांड्यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि घामाशी त्यांचा संयोग होऊन ते डाग पडतात. क्लोरीनच्या ब्लीचने ते कधीकधी आणखी गडद होतात. फवारा पूर्ण सुकल्यावरच शर्ट घालावा आणि काखेचा भाग त्याच रात्री साबणाच्या पाण्यात भिजवावा.

कामाच्या टेबलाच्या खणात एक छोटी डबी ठेवावी. तिच्यात दोन सेफ्टी पिना, सुईत ओवून ठेवलेला गडद दोरा, एक जादा बटण, दुहेरी चिकटपट्टी, सॅनिटरी पॅड आणि एक गडद रंगाचा सुती टॉप. उसवलेली दुमड चिकटपट्टीने आतून दाबली, तर संध्याकाळपर्यंत टिकते. गडद टॉपचा उपयोग डाळ सांडली की कळतो.

सहा महिने झाल्यावर एक काम उरते. सुरुवातीलाच सगळे हँगर उलटे, म्हणजे हुकाचे तोंड आपल्याकडे करून टांगावेत आणि प्रत्येक कपडा घालून, धुऊन परत ठेवताना त्याचा हँगर सरळ करावा. सहा महिन्यांनी जे हँगर अजून उलटे असतील, त्यांच्यावरचा एकेक कपडा घालून आरशासमोर बसावे, उठावे, हात वर करावेत. नेमके कुठे अडते ते कळले, की त्यांतले दुरुस्त होण्यासारखे शिंप्याकडे न्यावेत, बाकीचे ज्यांच्या अंगाला बसतील त्यांना द्यावेत, आणि पुढच्या खरेदीची यादी त्यानंतर करायला घ्यावी.